नाटक ऐकायचं की बघायचं?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मराठी रंगभूमी जागच्या जागी थांबली. सांगलीला ठरलेलं शंभरावं नाट्यसंमेलन पुढं गेलं, ते पिंपरी-चिंचवडला व्हायला जानेवारी २०२४ उजाडलं. राज्यातली नाट्यगृहं ५ नोव्हेंबर २०२० रोजी निम्म्या खुर्च्यांवर उघडली, २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला परत उघडली. मधल्या काळात नाटकवाल्यांनी जमेल ती वाट धरली. हृषीकेश जोशी यांनी ‘मोगरा’ हे नाटक कलाकार आपापल्या घरी असतानाच इंटरनेटवरून थेट सादर केलं आणि या प्रकाराला ‘नेटक’ असं नाव दिलं. तिकडं बीबीसीनं जून २०२० मध्ये ‘लॉकडाउन थिएटर फेस्टिव्हल’ केला. अर्ध्यावर बंद पडलेली नाटकं नटांच्या घरांतून ध्वनिमुद्रित करून रेडिओवर लावली. हौशी मंडळींना तर कॅमेरा आणि दिव्यांचा खर्चही झेपणारा नव्हता. त्यांच्या हाताशी होता तो फक्त आवाज.

आता नाट्यगृहं उघडी आहेत. मग टाळेबंदीत हाती आलेली श्रुतिका, म्हणजे नुसतं कानांनी ऐकायचं नाटक, हौशी मंडळींनी सोडून द्यावी की पुढं न्यावी? बारामती आणि इंदापूर या शेजारच्या तालुक्यांपुरता या प्रश्नाचा विचार करावा म्हणून पुढचा संवाद रचला आहे. मामा इंदापूर तालुक्यातले, साखर कारखान्याच्या विद्युत विभागातून निवृत्त झालेले, गावच्या हौशी नाटकात आयुष्य घातलेले. भाची बारामतीत शिक्षिका आहे आणि श्रुतिका लिहिते. माणसं काल्पनिक आहेत. वाद खरा आहे.

मामा : माझं म्हणणं सरळ आहे. टाळेबंदीत तुम्ही पोरांनी फोनमध्ये आवाज भरून नाटकं केलीत, तो आपद्धर्म होता. आपद्धर्माला कुणी नावं ठेवू नयेत. पण संकट सरलं की आपद्धर्मही सरतो. वारीचंच घे. २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षं पायी वारी झाली नाही, तुकोबांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या पडल्या नाहीत, मेंढ्यांचं रिंगण झालं नाही, बेलवाडीला अश्व धावला नाही. लोकांनी घरात बसून टीव्हीवरच्या पादुकांना हात जोडले. पण आता हेच सोयीचं आहे, यापुढं बसच बरी, असं कुणी म्हणालं का?

भाची : कुणी म्हणालं नाही, आणि म्हणूही नये. पण मामा, वारीला दार नाही. येईल तो चालतो. नाटकाला दार आहे, आणि त्या दाराबाहेर कोण राहतं ते आपण कधी मोजलंच नाही. बारामतीत गदिमा सभागृह आहे. तिथं रात्री साडेनऊला प्रयोग लागला तर नीरा नरसिंहपूरची बाई कशी येणार? नीरा आणि भीमेच्या संगमावरचं गाव, तालुक्याचं टोक. यायला गाडी मिळेल, मध्यरात्री परत कशानं जायचं? घरात अंथरुणाला खिळलेली सासू असेल, तर तिला कुणावर सोपवायचं? जन्मापासून डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसाला आपण कोणत्या रांगेचं तिकीट देतो? आणि उसाच्या फडात पहाटे कोयता घेऊन उतरणारं जोडपं रात्रीच्या नाटकाला येतं का? ही माणसं टाळेबंदीच्या आधीही नाट्यगृहात नव्हती. त्यांच्यासाठी नाट्यगृह कायमच बंद होतं.

मामा : म्हणून तर आपण त्यांच्याकडं जायचो. जत्रेत देवळापुढं ट्रॉल्या जोडून स्टेज उभं करायचं, दोन दांडक्यांना पडदा बांधायचा. म्हाताऱ्या सतरंज्या घेऊन पुढं बसायच्या, लेकरं आयांच्या मांडीवर झोपायची. तिथं तिकीट कुठं होतं? आणि जत्रेवर आपण हौशी माणसंच नव्हतो. तमाशाचे फड होते. चैत्राच्या तोंडावर नारायणगावला राहुट्या लागतात, गावकारभारी तिथं जाऊन सुपाऱ्या देतात, त्यावर फडाचं पोट चालतं. सलग दोन वर्षं जत्रा भरल्या नाहीत. ढोलकीवाला, पेटीवाला, तंबूचे खुंट ठोकणारा, ट्रकचा ड्रायव्हर, सगळ्यांची चूल थंडावली. त्याच काळात तुम्ही फुकट ऐकवायला सुरुवात केली. लोकांना एकदा फुकटाची सवय लागली की कलावंताला सुपारी कोण देणार?

भाची : फडाचा हंगाम श्रुतिकेनं बुडवला नाही, तो जत्रा बंद झाल्यानं बुडाला. मोबदल्याचा मुद्दा मात्र खरा आहे, तो मी टाळणार नाही, त्यावर येतेच. आधी एक सांगते. तुम्ही ऐकण्याला नाटकाची कमतर सोय समजता. आपला मुलूख तर मुळात ऐकणाऱ्यांचा. मोरोपंत पन्हाळ्याहून इकडं आले, बाबूजी नाईकांच्या आश्रयानं बारामतीत राहिले आणि १७९४ मध्ये इथंच वारले. त्यांच्या आर्या हाती पोथी घेऊन वाचणारे किती होते? कीर्तनकारांनी आणि पुराणिकांनी त्या ऐकवल्या, आणि अक्षरओळख नसलेल्या माणसांनी महाभारत कानांनी घेतलं. पुढं २ ऑक्टोबर १९५३ रोजी आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं आणि दीड वर्षात, १ एप्रिल १९५५ पासून, तिथून ‘गीतरामायण’ लागलं. माडगूळकरांचे शब्द, बाबूजी फडक्यांची चाल, आठवड्याला एक गीत, अशी छप्पन्न गीतं. ना नेपथ्य, ना रंगभूषा. तरी वनवासाला निघालेला राम दिसला नाही असं कुणी म्हटलं नाही. मुंबई केंद्रावर ‘पुन्हा प्रपंच’ लागायचं, तेव्हा बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी हे तीन आवाज घरातलेच होऊन गेले होते.

मामा : तू दिलेल्या उदाहरणांतली दोन माझ्याच बाजूनं बोलतात. कीर्तनात बुवा समोर उभा असतो. सभा पेंगायला लागली की तो अभंग घेतो, बाया डोळे पुसायला लागल्या की आख्यान लांबवतो. समोरच्या माणसांवरून त्याचं बोलणं वळतं. फोनमधल्या आवाजाला हे जमेल? आणि गीतरामायण म्हणशील, तर फडक्यांनी तेसुद्धा पुढं गावोगाव मंचावर बसून म्हटलंच. लोकांना समोर माणूस हवा होता म्हणूनच ना?

भाची : लोक मंचापुढं आले ते रेडिओवर ऐकून आले. आधी कान तयार झाले, मग मंडप भरले. मी हेच म्हणते आहे की आवाज मंचाचं काही हिरावून घेत नाही, तो मंचाला माणसं मिळवून देतो. कीर्तनाचं मात्र मान्य. बुवा सभेकडं बघून बदलतो, ध्वनिमुद्रण बदलत नाही. ही उणीव आहेच.

मामा : आणखीही आहेत. टाळेबंदीत आलेल्या फायली मी ऐकल्या. खरं सांगू? बहुतेक वेळा रंगमंचाचं नाटकच नुसतं वाचलेलं होतं. कोण आलं, कोण गेलं, कुणाला म्हणतोय, पत्ता लागत नव्हता. मग निवेदक मध्ये घुसून सांगणार, की आता तो उठतो, खिडकीशी जातो, पत्र फाडतो. एकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा, दुसऱ्याच्या मागं कुकरची शिट्टी. यात नटाचं काय राहिलं?

भाची : काही राहिलं नाही, कारण ती श्रुतिका नव्हतीच. रंगमंचासाठी लिहिलेलं नाटक फोनपुढं वाचलं की श्रुतिका होत नाही. कानासाठी मुळापासून वेगळं लिहावं लागतं, हे लोकांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. बीबीसीवर जानेवारी १९२४ मध्ये रिचर्ड ह्यूजचं ‘डेंजर’ लागलं. खास रेडिओसाठी लिहिलेल्या सुरुवातीच्या नाटकांत ते मोडतं. त्यानं गोष्ट ठेवली कोळशाच्या खाणीत, आणि सुरुवातीलाच खाणीतले दिवे जातात. आत अडकलेल्यांना काही दिसत नाही, ऐकणाऱ्यालाही काही दिसत नाही. दोघं एकाच अंधारात. ज्याची उणीव वाटावी, तेच त्यानं गोष्टीचं कारण केलं.

मामा : आपल्याकडं खाणी कुठं आहेत?

भाची : खाणी नाहीत, पण अंधार आहे. शेतीची वीज काही दिवस रात्रीची असते. उसाला पाणी द्यायचं तर माणसाला मध्यरात्री दारं धरायला जावं लागतं. हातात बॅटरी, खांद्यावर खोरं, दोन्ही बाजूंनी डोक्यावर गेलेला ऊस आणि मनात बिबट्याची धास्ती. बांधापलीकडं भाऊबंदाचं शेत, त्याच्याशी वर्षानुवर्षं बोलणं बंद. काहीतरी खसफसतं. दोघंही आपापल्या उसात उभे, दोघांनाही एकमेकांचा श्वास ऐकू येतो, आणि आवाज द्यायचा तर आधी कुणी द्यायचा? हे रंगमंचावर कसं करणार? दिवे घालवले तर प्रेक्षकाला काही दिसणार नाही, दिवे ठेवले तर ती रात्र राहणार नाही. श्रुतिकेत मात्र ऐकणारा त्या सरीतच उभा असतो.

मामा : हं. पण मग मोटर बरोबर दाखवा. म्हणजे ऐकवा. तुमची पोरं ‘घर्र’ असा काहीतरी आवाज लावतात. वीज आली की आधी स्टार्टर ‘खट्ट’ करून ओढतो. ऑटो बसवलेला असेल तर माणूस नसतानाही ओढतो. मग मोटर हुंकार देते, वेग घेते, पाइपात आधी हवा फुरफुरते आणि नंतर पाणी येतं. तेही एकदम नाही, गचके देत येतं. पाणी पाटाला लागलं की मोटरीचा आवाज मागं पडतो आणि पाण्याचा पुढं येतो. ज्यानं दारं धरली आहेत त्याला पहिल्या चार सेकंदांत कळेल की नाटकवाल्याला शेत माहीत आहे की नाही.

भाची : मामा, हे तुम्ही जे सांगितलंत, तेच श्रुतिकेचं नेपथ्य. हे शहरातल्या स्टुडिओत बसलेल्या माणसाला सुचणार नाही. मी एकदा पाटाच्या पाण्याचा आवाज टबात करून बघितला, तो न्हाणीघराचाच वाटला. माती पाणी पिते, त्याचा एक बारीक आवाज असतो, तो टबात येत नाही. शेवटी फोन रुमालात गुंडाळून पाटाच्या कडेला ठेवावा लागतो, नाहीतर वारा घोंघावतो. पाचटावरून चालण्याचा आवाज मात्र घरात होतो. पाचटाची पेंडी फरशीवर पसरायची आणि वर हातांनी दाबत जायचं. पायांनी चाललं तर फरशीचा ठोका भरतो. बोलणाऱ्यानं डोक्यावरून गोधडी घ्यायची, म्हणजे खोलीचा घुमारा मरतो आणि आवाज उघड्या रानातला वाटतो. याला पैसे लागत नाहीत, कान लागतो.

मामा : गोधडीखाली अभिनय!

भाची : हो, आणि तिथं लबाडी चालत नाही. रंगमंचावर मोठा आवाज आणि हातवारे यांच्या आड खोटी भावना लपते. माइक ओठांपासून वीतभर अंतरावर असतो, आवंढा गिळलेलासुद्धा भरला जातो. मोरोपंतांचं ‘निरोष्ठ रामायण’ तुम्हाला माहीत आहे. प, फ, ब, भ, म ही ओठ मिटून म्हणायची अक्षरं टाळून त्यांनी रामकथा रचली. माइकपुढं बसलं की हीच ओठांची अक्षरं त्रास देतात. ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना हवेचा झोत आदळतो आणि फट्‌ असा ठोका भरतो. त्यासाठी फोन तोंडासमोर न धरता थोडा बाजूला धरावा लागतो. अक्षर तोंडात कुठं तयार होतं याचा बारामतीच्या कवीनं केवढा विचार केला होता. आपल्या नटांना तालमीत हे कुणी शिकवतं का? श्रुतिकेनं शिकवलं.

मामा : उच्चाराचं मान्य. त्यात अजून एक भर घालतो. स्पर्धेसाठी नाटक बसवताना आपण सगळ्यांची भाषा घासूनपुसून पुण्याची करतो. बारामतीकडचं बोलणं वेगळं, आणि भीमेच्या काठानं इंदापूरकडं सरकलं की त्यात सोलापूरकडचा हेल यायला लागतो. उजनीच्या पाण्यात ज्यांची गावं गेली, ती माणसं आता म्हातारी झाली. पळसदेवचं जुनं देऊळ धरणातलं पाणी उतरलं की वर दिसतं, लोक फोटो काढायला जातात. पण त्या देवळापुढं भरणारा बाजार कसा ऐकू यायचा, पाणी गावात शिरलं तेव्हा कोण काय म्हणालं, हे सांगणारे आवाज दरवर्षी कमी होत आहेत.

भाची : बुडालेलं गाव रंगमंचावर उभं करायला लाखभर रुपयांचं नेपथ्य लागेल, आणि तरी ते पुठ्ठ्याचं वाटेल. श्रुतिकेत एक आजी दाराची कडी काढते, चुलीवरची राख झटकते, आणि शेजारणीला म्हणते की जातं नेऊ की इथंच ठेवू. तेवढ्यावर गाव उभं राहतं. आणि ती आजी नट नसली तरी चालेल; तिच्याच तोंडून घ्यावं.

मामा : घ्यावं. त्याबद्दल माझा वाद नाही. आता मोबदल्याचं बोल. आणि पोचण्याचंही. तुम्ही म्हणता आवाज सगळीकडं जातो. तो जातो का?

भाची : सगळीकडं नाही जात. बारामतीत दोन सामुदायिक रेडिओ केंद्रं आहेत. विद्या प्रतिष्ठानची वसुंधरा वाहिनी आणि कृषी विज्ञान केंद्राची शारदा कृषी वाहिनी. देशात स्वयंसेवी संस्थांनाही असा रेडिओ चालवायची परवानगी २००६ मध्ये मिळाली, पण ताकदीवर मर्यादा ठेवून. शंभर वॅटपर्यंत प्रक्षेपण, म्हणजे साधारण दहा-पंधरा किलोमीटरचा घेर. बारामतीपासून इंदापूर पन्नासेक किलोमीटर. बारामतीच्या शिवारातल्या बाईला साध्या फोनला इअरफोनची वायर लावून श्रुतिका ऐकता येईल, कारण ती वायरच अँटेनाचं काम करते. भिगवणच्या मच्छीमाराला नाही ऐकू येणार. त्याच्याकडं फाइलच जावी लागते, व्हॉट्सॲपवरून.

मामा : आणि फाइल फिरायला लागली की लेखकाचं नाव पहिल्याच वळणावर गळतं. तिसऱ्या गटात पोचेपर्यंत ती कुणाचीच नसते. कुणी म्हणतं आमच्या मंडळाची, कुणी म्हणतं कुठल्याशा रेडिओची. शिवाय परवानगीचा घोळ. लेखक रंगमंचावरच्या प्रयोगाला परवानगी देतो, म्हणून ध्वनिमुद्रण करून वाटायचीही देतो असं नाही. टाळेबंदीच्या गडबडीत हे कितीजणांनी विचारलं? हौशी मंडळाला पैसे नसतील. पण दुसऱ्याच्या लिखाणावर हात मारायचा हक्क त्यानं मिळत नाही.

भाची : इथं मी तुमच्या बाजूची आहे. लेखकाची लेखी परवानगी हवी, ध्वनिमुद्रणासाठी वेगळी. आणि नावं नुसती फाइलच्या खाली लिहून भागत नाही, ती आवाजातच भरली पाहिजेत, सुरुवातीला आणि शेवटी. म्हणजे फाइल कुठंही गेली तरी नाव तिच्या पोटात राहील.

मामा : चांगलं. पण माझं खरं दुखणं अजून मी बोललोच नाही. पैसा, नाव, उच्चार हे सगळं सुधारता येतं. हौशी नाटक आपण कशासाठी करतो? लोकांना दाखवायला करतो, पण त्याआधी तालमीसाठी करतो. संध्याकाळी शाळेच्या खोलीत मास्तर, किराणा दुकानदार, कंडक्टर, सोसायटीचा क्लार्क, केशकर्तनालयवाला, सगळे एका सतरंजीवर बसतात. एरवी त्यांचं एकमेकांच्या घरी जेवणखाण नसतं. तालमीत एकाच्या ताटातली भाकरी दुसरा मोडतो. कुणाचं वाक्य विसरलं तर दुसरा पुरवतो. गावात तंटा झाला तर तालमीतलीच माणसं मध्ये पडतात, कारण त्यांना एकमेकांच्या अंगातली रग आणि माया दोन्ही ठाऊक असतात. हे कमवायला महिनाभराच्या तालमी लागतात. तुमच्या श्रुतिकेत काय होतं? प्रत्येक जण आपल्या घरी, आपल्या गोधडीखाली, आपापली वाक्यं भरतो आणि पाठवतो. मग एक पोरगा संगणकावर ती जोडतो. ज्या वाक्याला उत्तर द्यायचं ते वाक्य नटानं ऐकलेलंच नसतं. नाटक तयार होतं, मंडळी तयार होत नाही. लोकांचं नाटक म्हणायचं आणि त्यात लोकच एकमेकांना भेटत नसतील, तर ते कसलं लोकांचं?

भाची : याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, टाळेबंदीत तर नव्हतंच. बीबीसीच्या मोठ्या नटांनीही तेव्हा आपापल्या घरातून आवाज भरले, कारण दुसरा इलाज नव्हता. पण मामा, एकट्यानं भरणं ही टाळेबंदीची अट होती, श्रुतिकेची नाही. जुन्या रेडिओवर सगळे एका माइकभोवती उभं राहायचे. ज्याचं वाक्य येईल तो एक पाऊल पुढं, बाकीचे मागं. पान उलटलं तरी आवाज होतो, म्हणून सगळ्यांनी एकदम श्वास धरायचा. अशा तालमीत एकमेकांना ऐकल्याशिवाय चालतच नाही. आपण आता एकत्र उभं राहून भरू शकतो. सोडायचं असेल तर एकट्यानं भरणं सोडू या, श्रुतिका का सोडायची?

मामा : म्हणजे भरणारे एकत्र आले. ऐकणारे? ते तर एकेकटेच राहिले ना. जो तो आपल्या कानात वायर खुपसून बसणार. हशा एकट्याचा, हुंदका एकट्याचा.

भाची : त्यालाही जुनी वाट आहे, आणि ती पुण्याच्याच केंद्रातून निघाली होती. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं ग्रामीण श्रोता मंडळांचा प्रयोग केला. मराठी मुलखातले पाच जिल्हे, सुमारे दीडशे गावं. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असं दहा आठवडे. गावातली वीसेक माणसं एका ठिकाणी बसून ऐकायची, मग त्यावर आपसात बोलायची, आणि त्यांचे प्रश्न केंद्राकडं परत जायचे. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीनं पॉल न्यूराथ यांनी त्याचा अभ्यास केला. त्यांनी मंडळं असलेली गावं आणि नसलेली गावं यांची तुलना केली. मंडळं असलेल्या गावांत माणसांची माहिती पुष्कळ वाढली. मंडळ नसलेल्या गावांत, नुसता रेडिओ असूनही, फारसा फरक पडला नाही.

मामा : थांब, हे पुन्हा सांग. रेडिओ होता तरी फरक पडला नाही?

भाची : नाही. फरक पडला तो एकत्र बसून ऐकल्यानं आणि नंतर बोलल्यानं. तंत्र तेच, कार्यक्रम तोच. माणसं जमली तिथंच तो रुजला.

मामा : मग हे तू पहिल्यांदा सांगायला हवं होतंस. माझा विरोध आवाजाला नव्हता, एकटेपणाला होता. श्रुतिका आपण गावातच ऐकवू. देवळाच्या सभामंडपात, नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात. चांगला स्पीकर हवा. लग्नाच्या डीजेचा नको, त्यात शब्द चिरडतो. अर्ध्या तासापेक्षा लांब नको. भरणारी मंडळी तिथं हजर पाहिजेत. ऐकून झालं की दिवे लावायचे आणि लोकांनी बोलायचं. शेवटचा प्रवेश मी तर ध्वनिमुद्रित करूच देणार नाही. तो नटांनी तिथं समोर करायचा. दोन भाऊबंद बांधावर येऊन उभे राहतात, तिथपर्यंत लोकांनी कानांनी यायचं. पुढं बोलायचं की परत फिरायचं, ते गावकऱ्यांच्या डोळ्यांदेखत ठरेल.

भाची : हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आणि ते गाव काय म्हणतं त्यावरून पुढच्या गावचा शेवट बदलता येईल. कीर्तनकार करतो तसंच.

मामा : आणि जत्रेची वर्गणी निघते, त्यातून नटांना प्रवासखर्च आणि लेखकाला मानधन, थोडं का होईना. फुकट नाही. फुकट दिलेल्याची किंमत लोक करत नाहीत, आणि फडवाल्यांपुढं मला तोंड दाखवायचं आहे. जमलं तर एखादा ढोलकीवाला फडातलाच घे, त्याला त्याच्या हातांचे पैसे दे.

भाची : मान्य. पाच-सहा गावांत ऐकवून झाल्यावर ती बारामतीच्या रेडिओला देऊ, आणि अंथरुणावरच्या माणसांसाठी, अंध मुलांसाठी फाइलही देऊ. त्यांना सभामंडपात येता येत नाही, म्हणून त्यांना वगळायचं नाही. एवढं तुम्हीही मान्य करा.

मामा : करतो. तरी तुला सांगून ठेवतो, नुसत्या फाइलीला मी नाटक म्हणणार नाही.

भाची : मी म्हणणार. ज्या माणसाला दुसरं कुठलंच नाटक मिळत नाही, त्याच्या घरी पोचलेलं तेच नाटक आहे. यावर आपण भांडत राहू, पण काम अडू देऊ नये.

मामा : काम अडणार नाही. पहिलं गाव मी बघतो. फक्त तारीख धरताना शेतीची वीज दिवसाची असेल तो आठवडा धर. रात्रीची असली, तर ज्यांच्यावर लिहिलंस तेच नेमके मोटरीवर असतील.

भाची : आणि वेळ तुम्ही बाप्यांनी ठरवायची नाही. गावातल्या बायकांना विचारू, चूल आवरून त्यांना किती वाजता निघता येतं ते. त्या म्हणतील ती वेळ.